फैजपूर–सावदा रस्त्यावरचं भरीत-भाकरीचं हॉटेल: भरताला चार तारे, तिथल्या वहीला पाच

फैजपूर सोडून सावद्याकडे निघालं की थोड्या अंतरावर एक लांबट पत्र्याची शेड लागते. बाहेर कपाशीच्या वाळक्या काड्यांचा माणसाच्या उंचीचा ढीग असतो आणि दुपारी अकरानंतर भाजलेल्या वांग्याचा वास रस्त्यापर्यंत येतो. रोज ये-जा करणाऱ्यांना एवढ्यावरून जागा कळेल. हॉटेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मालक आप्पांनी हात जोडून सांगितलं, "ताई, चांगलं लिहा, वाईट लिहा, पण नाव टाकू नका. इथं सापडलेले पैसे सांभाळून ठेवतात असं गावभर झालं, तर रोज दोघं येतील, आमचे हरवले म्हणून." त्यांचं म्हणणं मला पटलं. का पटलं ते पुढे सांगते.

आधी जेवण. इथे एकच खायचं, भरीत आणि कळण्याची भाकरी. मेनूवर शेवभाजी आहे, डाळबट्टी आहे, पण त्या सगळीकडे मिळतात. भरताचं वांगं आमच्याकडचं, फिकट हिरवं-पांढुरकं, एकेक अर्ध्या किलोला भारी. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी हायवेवरच्या किती हॉटेलांत जांभळं वांगं गॅसवर करपवून 'खान्देशी भरीत' म्हणून वाढतात. इथे वांगी काड्यांच्या जाळावर भाजतात, सोलतात आणि लाकडी मुसळीने ठेचतात. मिक्सर नाही. त्यामुळे भरतात रेषा राहतात, घास घेतला की जिभेला कळतात. लसूण-हिरवी मिरची ठेचून, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरून कोथिंबीर. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आप्पांच्या घरच्या काकू चुलीवर थापतात. ती गरम असतानाच खावी, गार झाली की चिवट होते. सोबत मुळा आणि हिरवी मिरची. थाळी १४० रुपये, भाकरी लागेल तेवढी.

एक तारा कापला तो तेलासाठी. भरताला तेल लागतंच, पण इथे ताटाच्या कडेला ओघळ येतो. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, गिऱ्हाईक मागतं. मला तरी निम्म्या तेलात हेच भरीत जास्त चांगलं लागेल. आणि बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी निसटलेली आहे, ती बसवून घ्यावी. दोन वेळा सांगून झालं.

आता वहीचं, म्हणजे हॉटेलात सापडलेल्या वस्तू लिहायच्या वहीचं. हे सगळं लिहायला बसले ते तिच्यासाठीच.

मी फैजपुरात पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा हप्त्याच्या बचत खात्याची, एजंट आहे. अठरा वर्षं झाली. दर महिन्याला दीडशेच्या वर घरांतून हप्ते गोळा करते. कुणाचे शंभर, कुणाचे पाचशे, एखाद्या मास्तरांचे दोन हजार. कार्डावर सही करायची, यादी करायची, पोस्टात भरायचे. दुसऱ्याचा पैसा पर्समध्ये घेऊन फिरणं हेच माझं काम.

१३ डिसेंबर २०२४, शुक्रवार. ज्यांची खाती महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडलेली असतात, त्यांचे हप्ते पंधरा तारखेच्या आत भरावे लागतात. पंधराला रविवार होता, म्हणजे शनिवारी यादी द्यायचीच होती. सकाळभर वसुली झाली होती आणि जळगावहून नणंदबाई आल्या होत्या. आमच्या घरी आषाढीला सोडलेलं वांगं चंपाषष्ठीला सुटतं, आणि चंपाषष्ठी होऊन आठवडा झाला होता. म्हटलं, ताई, चला, भरीत खाऊन येऊ.

भिंतीकडचं चौथं टेबल मिळालं. बसताना पायाला काहीतरी मऊ लागलं. वाकून पाहिलं तर बाकाच्या पायाशी गाठ मारलेला रुमाल. रुमाल मूळचा पांढरा असावा, पण त्यावर तपकिरी-काळे डाग होते. ते डाग आमच्या भागात लहान मूलही ओळखेल. केळीचा चीक. कपड्याला एकदा लागला की धुऊन जात नाही. केळी कापणाऱ्यांचे, वाहणाऱ्यांचे सगळ्यांचे कपडे असेच असतात.

गाठ सैल होती. आत नोटा होत्या. एक गठ्ठा नव्हता, लहान लहान घड्या होत्या, एकीवर एक आडव्या-उभ्या रचलेल्या. सगळ्यांवर एक काळा रबर. दुकानातला पिवळा रबर नव्हे, सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी कापून केलेला.

ताई माझ्याकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "वहिनी, पर्समध्ये ठेवा आधी. इथे कुणाला दाखवू नका." चोरीची भावना त्यांच्या मनात अजिबात नव्हती, हे मला माहीत आहे. त्यांना वाटलं, हॉटेलवाल्याच्या हातात दिले तर तोच ठेवून घेईल. मग म्हणाल्या, घरी गेल्यावर ठरवू, नाहीतर देवाच्या पेटीत टाकू, पुण्य तरी लागेल. लगेच पुन्हा म्हणाल्या, ग्रुपवर फोटो टाकू का?

मी दोन मिनिटं तशीच बसले. मला आठवत होतं २०११ साल.

त्या वर्षी एका दुकानात माझी कापडी पिशवी राहिली. कुठल्या ते लिहीत नाही. आत ८,४०० रुपये होते, नऊ घरांचे हप्ते. अर्ध्या तासात धावत परत गेले. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "हो, सापडली होती की. आम्ही ओरडलो, साडेआठ हजाराची पिशवी कोणाची? एक जण आला, घेऊन गेला." त्या माणसाने चोरी केली नव्हती. त्याने पैसे लपवले नव्हते, उलट मोठ्याने विचारलं होतं. तरी माझे पैसे गेले. जळगावला जाऊन दोन बांगड्या मोडल्या आणि नऊही घरांचे हप्ते वेळेत भरले. त्यातल्या एकाही घराला आजवर हे माहीत नाही. तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं आहे की पैसे परत करण्यासाठी दानत तर लागतेच, पण पद्धतही लागते. आकडा ओरडून सांगणाऱ्याच्या हातून पैसा भलत्याकडेच जातो.

म्हणून पर्समध्ये ठेवायला नको वाटलं. ज्याचे हरवले तो माझ्या घरी कशाला येईल? तो इथेच येणार. जिथे जिथे बसला, जिथे चहा प्यायला, तिथे तिथे उलट्या पावली शोधत येणार. मी स्वतः तशीच धावत परत गेले होते.

मी आप्पांना बोलावलं आणि रुमाल टेबलावरच दाखवला. आप्पा साठीच्या पुढचे. त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "ताई, तुम्हीच उचला, गल्ल्यावर चला. आणि आकडा कोनाले सांगू नका, मलेही नको."

गल्ल्याच्या वर कॅमेरा आहे. त्याच्या समोर त्यांनी मला मोजायला लावलं. शेजारी ताई, आणि जेवून हात धुवत असलेले एक निवृत्त गुरुजी, त्यांना आप्पांनी साक्षीला उभं केलं. मोजताना मी फक्त ओठ हलवत होते. घड्या बारा निघाल्या. प्रत्येक घडीत पाचशेच्या तीन, दोनशेच्या दोन, शंभराच्या चार. मी रोज नोटा मोजते, मला लगेच उमगलं: हा बारा जणांचा हिशोब आहे, वाटून ठेवलेला. एकेकाचे २,३००. मी ते कागदावर लिहिलं, गुरुजींनी पुन्हा मोजलं, कागदाची घडी करून रुमालासोबत एका खाकी पाकिटात टाकली. पाकीट चिकटवून झाकणाच्या जोडावर मी, गुरुजी आणि आप्पांनी आडव्या सह्या केल्या.

मग वही काढली. शाळेची लांब, दोनशेपानी, बाहेर खाकी कव्हर. आत रेघा मारलेले रकाने: तारीख, वेळ, टेबल, काय सापडलं, कोणाला सापडलं, सही, कोणाला दिलं, सही. मागची पानं चाळू दिली. चार्जर, छत्री, चष्मा, लहान मुलाचा एक बूट, मोबाइल, आरसी बुक. पैशाच्या नोंदीत कुठेही आकडा नाही, फक्त 'रोख, पाकीट बंद'. माझ्या नोंदीतही त्यांनी एवढंच लिहिलं: रोख, रुमालात, पाकीट बंद. चिकाच्या डागांचा उल्लेख करू का विचारलं तर नको म्हणाले. ती खूण मालकाला सांगू द्या.

हे कुठे शिकलात, विचारलं. म्हणाले, वडील सावद्याला हमाली करायचे, मुकादमाकडून पगार घ्यायचा तर दोन माणसांसमोर मोजून. तीच रीत हॉटेलात आणली.

आम्ही जेवायला बसलो तोवर बातमी पसरलीच. पलीकडच्या टेबलावरचा एक जण उठून गल्ल्याशी गेला. त्याचे पैसे हरवलेत म्हणाला. चांगले कपडे, बोलणं नीट. आप्पांनी त्याला बसायला खुर्ची दिली. "कशात होते?" "पाकिटात." "नोटा कशा?" "पाचशेच्या. पंधरा-सोळा हजार असतील." आप्पा आवाज न चढवता म्हणाले, "दादा, हे तुमचे नाहीत. तुमचेही हरवले असतील, तर वहीत नाव-नंबर लिहून जा, सापडले तर फोन करतो." तो लिहिल्याशिवाय गेला. आप्पांनी त्याच्या पाठीमागे एक शब्द काढला नाही, आणि पोऱ्याने काही म्हणायला तोंड उघडलं तर त्याला डोळ्यांनी गप्प केलं. ताईंनी पुढची भाकरी मोडली आणि म्हणाल्या, "बरं झालं ग्रुपवर टाकलं नाही."

आप्पांचा नेम असा: दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट पाहायची, मग पाकीट न फोडता पोलीस ठाण्यात द्यायचं आणि पोच वहीत चिकटवायची. अशा दोन पोचा मी पाहिल्या. मोठी रक्कम असेल तर ती त्याच दिवशी देतात.

संध्याकाळी साडेपाचला आप्पांचा फोन आला. "ताई, माणूस आला आहे. सापडवणारा समोर असला तर बरं." स्कूटी काढून गेले. पंचविशीचा एक मुलगा दारातच उभा होता, आत बसायला तयार नव्हता. शर्टाच्या बाहीवर तसेच काळे डाग. अमळनेरकडचा होता, इकडे केळी कापणीच्या टोळीवर मुकादम म्हणून आलेला. घाम पुसत अहिराणीतच बोलत होता. पेट्रोल पंप झाला, पानटपरी झाली, ज्या शेतात कापणी होती तिथे बांधावरून दोनदा चालून झालं. "मना पैसा गयात, आप्पा. मनी टोळीना पैसा शेतस."

आप्पांनी तेच विचारलं, कशात होते, नोटा कशा.

"रुमालमा. बारा घड्या शेतस. तीन पाचशेन्या, दोन दोनशेन्या, चार शंभरन्या. सायकलना टूपना रबर लायेल शे."

मी तिथे उभी होते, माझे डोळे भरून आले. पाकीट फोडायच्या आधी आप्पांनी त्याला त्यावरच्या सह्या दाखवल्या, फाडलेलं नाही म्हणून. मग कॅमेऱ्यासमोर फोडलं, माझी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, मोजून घे. तो म्हणाला, नको, विश्वास शे. आप्पांनी ऐकलं नाही. त्याने एकेक घडी उलगडली, मोजली, पुन्हा दुमडली. बारा वेळा. दहा मिनिटं गेली असतील. त्या दहा मिनिटांत त्याचे हात हळूहळू थरथरायचे थांबले. वहीत सही केली, मोबाइल नंबर लिहिला, आणि एक पाचशेची नोट माझ्यापुढे धरली. ती त्या बारा घड्यांपैकी कुणा एकाची होती. मी घेतली नाही. आप्पांनी तिघांना चहा सांगितला, त्याचे पैसे मी दिले.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या वकीलसाहेबांकडे हप्ता घ्यायला गेले तेव्हा मुद्दाम विचारलं, कायदा काय म्हणतो. त्यांनी नीट समजावलं, ते इथे लिहिते, कारण बऱ्याच जणांना वाटतं सापडलेला पैसा म्हणजे सापडवणाऱ्याचा. तसं नाही. १८७२ च्या करार कायद्यात कलम ७१ आहे: दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती आपल्याकडे घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. म्हणजे मी रुमाल उचलला त्या क्षणापासून मी त्या मुकादमाची ठेवदार होते. आणि मालक माहीत असताना, किंवा त्याला शोधायचा रास्त प्रयत्न करण्याआधी, रास्त वेळ वाट पाहण्याआधी तो पैसा आपल्या कामी लावला तर तो अपहार. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४०३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१४. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, वर दंड. जुन्या कलमात उदाहरणंच दिली होती, ती मला फार आवडली. हमरस्त्यावर एक रुपया सापडला, कोणाचा ते माहीत नाही, उचलला, तर गुन्हा नाही. पण पत्रात नोट सापडली, पत्रावरून मालक कळला आणि तरी खर्च केली, तर गुन्हा. चिकाचे डाग लागलेला रुमाल हे त्या पत्रासारखंच झालं. मला नाव माहीत नव्हतं, पण कुठल्या कामावरचा माणूस हे तर समोर दिसत होतं.

बक्षिसाचंही विचारलं. हरवणाऱ्याने आधी बक्षीस जाहीर केलं असेल तरच ते हक्काने मागता येतं, एरवी आपण घेतलेल्या त्रासाची भरपाई म्हणून दावा लावता येत नाही. आणि ताईंची देवाची पेटी? मी त्यांना त्याच रात्री सांगितलं, मालकाला न शोधता दुसऱ्याचा पैसा देवाला वाहिला तर तो आपण खर्चच केला, आणि नाव देवाचं लावलं. त्या पटकन म्हणाल्या, खरं आहे. त्यांच्या मुलाची बॅग एकदा भुसावळला गाडीत राहिली होती. रेल्वेचा मदतीचा १३९ नंबर आहे, आणि आरपीएफचं, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचं, 'ऑपरेशन अमानत' म्हणून काम चालतं, सापडलेल्या सामानाची नोंद होऊन ते मालकाला देतात. रेल्वेत काही सापडलं तर तिथेच द्यावं. एटीएमच्या खाचेत नोटा राहिलेल्या दिसल्या तर बँकेत द्याव्यात. कोणत्या वेळी कोणाच्या कार्डावर किती निघाले याची नोंद मशीनमध्ये असते. प्रत्येक वेळी मी स्वतःला एकच विचारते, ज्याचे गेले तो पहिला कुठे धावेल? पैसे तिथे, लिहून, साक्षीने.

वहीत एक उणीव होती, ती मी आप्पांना सांगितली. सापडवणाऱ्याच्या फोन नंबरचा रकाना नव्हता. माझा नंबर त्यांच्याकडे होता म्हणून त्या दिवशी निभावलं. एखादा ट्रकवाला किंवा प्रवासी असता तर? त्यांनी लगेच पट्टी घेतली आणि पुढच्या दहा-बारा पानांवर रेघा मारल्या. दुसरं, ही पाकिटं ज्या कपाटात ठेवतात त्याची चावी फक्त त्यांच्याकडे असते. ते पंढरपूरला जातात तेव्हा काय, हे अजून ठरलेलं नाही. ते ठरवायला हवं.

त्यानंतर मी तीनदा जाऊन आले. भरताचं तेल तसंच आहे. वांगी थंडीत उत्तम असतात, फाल्गुन लागला की बिया वाढतात, मग मजा नाही. कळण्याची भाकरी हवी असेल तर दीडच्या आत पोहोचा, नंतर काकू उठतात आणि पुरीवर भागवावं लागतं. चौघांहून जास्त असाल तर सकाळी फोन करून वांगी भाजायला सांगा. यूपीआय चालतं. बसायला चुलीच्या बाजूची जागा घ्या, भाकरी तव्यावरून थेट ताटात येते.

आणि उठताना बाकाखाली एकदा बघा.